वर्षाच्या आतला मसाला

आई दिवाळीनंतर गेली आणि चैत्र संपता संपता तिचा मसाला संपत आला. बरणीच्या तळाशी जेमतेम चार-पाच चमचे उरले होते. मी गेले दोन महिने तो जपून वापरत होते. आठवड्यातून एकदाच, तेही रविवारच्या कालवणात. बाकीचे दिवस वरणभात, दहीभात, नाहीतर कॉलेजच्या कॅन्टीनमधलं काहीतरी. मी दादरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि डिलाईल रोडवरच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांत आता एकटीच राहते.

आई दरवर्षी एप्रिलमध्ये लालबागच्या मिरचीगल्लीत जायची. सकाळी आठाला निघायची आणि उन्हं कलल्यावर परतायची. डोळे लाल, पदराला मिरचीचा खकाणा, हातात अजून गरम असलेला मसाल्याचा डबा. मी तिच्याबरोबर कधी गेले नाही. लहानपणी परीक्षा असायच्या आणि नोकरी लागल्यावर नेमकी त्याच दिवसांत पुस्तकांची वार्षिक तपासणी. ती म्हणायचीही नाही, चल. मला गर्दी सोसत नाही हे तिला माहीत होतं.

प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. मी सगळीकडे शोधलं. तिच्या पोथीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटात अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांखाली. आमच्या पेशात एक वाईट खोड लागते. कुठलीही गोष्ट कुठे ना कुठे लिहून ठेवलेली असणार आणि नीट शोधली की सापडणार, असं वाटत राहतं. पण तिने काहीच लिहिलं नव्हतं.

सांगायला मात्र तयार होती. रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती एकदम म्हणाली, "मसाल्याचं लिहून घे गं." माझ्या हातात पेन होतं, मांडीवर शब्दकोड्याचं पान होतं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांग, आई. आता झोप." लिहून घेतलं असतं तर ती घरी येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी कोडं सोडवत बसले. तिने पुन्हा विषय काढला नाही.

मसाला आता आपणच करायचा असं मी ठरवत होते, तेवढ्यात शेजारच्या काकू एक काचेची बाटली घेऊन आल्या. आमच्यापासून दोन दारं सोडून त्या राहतात, मूळच्या मालवणकडच्या. चाळीस वर्षं आईच्या मैत्रीण.

"वर्साच्या आत घरात मसालो घालूचो नसता," बाटली ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या. "पापड नाय, लोणचां नाय, मसालो नाय. माझ्यातलो वापर. संपलो की सांग, आणखी देतंय."

हा रिवाज मला ठाऊक होता. ज्या घरात माणूस गेलं त्या घराने वर्षभर साठवणीचं काही करायचं नाही, शेजारपाजार आणि नातेवाइकांनी द्यायचं. पुस्तकात वाचला असता तर मला तो सुंदर वाटला असता. पण काकूंच्या मसाल्यात बडीशेप फार. एकदा मी त्याचं बांगड्याचं कालवण केलं आणि आपण दुसऱ्याच कुणाच्या घरी जेवायला बसलो आहोत असं वाटून ताट अर्ध्यावर ठेवून उठले. मला रागच आला. काकूंचा नाही, त्या नियमाचा. जिच्यासाठी दुःख पाळायचं तिचीच चव त्या पाळण्यापायी घरातून जायची, हे कसलं पाळणं?

काकूंना न सांगता मी एका शनिवारी रजा टाकली. बरणीत आता उरलेला चमचाभर मसाला एका छोट्या स्टीलच्या डबीत भरला, आईची कापडी पिशवी घेतली आणि करी रोडच्या पुलावरून चालत लालबागला गेले.

गल्लीत शिरल्या शिरल्या मला तीन शिंका आल्या. दोन्ही बाजूंना मिरचीची पोती तोंडं उघडून ठेवलेली, मध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट आणि त्या वाटेवर हातगाडी, स्कूटर, घामेजलेली माणसं, सगळे एकमेकांवर ओरडत. एक जोडपं पोत्यांसमोर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. त्यातली मुलगी मिरचीचा ढीग ओंजळीत घेऊन परत खाली सोडत होती आणि तो तिला "अजून एकदा, हळू, हळू" असं सांगत होता. त्यांचं होईपर्यंत आम्ही सात-आठ बायका पिशव्या सावरत थांबलो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, आणि त्याचा मला पुढे बराच वेळ राग येत राहिला.

गिरण्यांच्या काळात कोकणातून आलेल्या हजारो घरांनी ही गल्ली उभी केली असं वडील सांगायचे. मिरची कर्नाटकातून, धणे आणखी कुठून, हळद सांगलीकडून, आणि सगळं इथे एकत्र येऊन प्रत्येक घराच्या प्रमाणाने वेगळं व्हायचं. वडील ज्या गिरणीत होते तिच्या जागी आता काचेचा मनोरा आहे. गल्ली तेवढी राहिली आहे. तिच्याबद्दल कुणी काही चांगलं लिहिलंय का ते मी आमच्या ग्रंथालयात पाहिलं होतं. गिरण्यांवर एक कपाटभर पुस्तकं आहेत, मिरचीवर एक ओळ नाही.

आई कुठल्या दुकानात जायची तेही मला माहीत नव्हतं. मी गर्दी जरा कमी दिसली त्या दुकानात शिरले. तिशीतला मालक कानात काहीतरी घालून फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने मला विचारलं, "बोला ताई, कुठला? मालवणी, आगरी, कोल्हापुरी, घाटी?"

"आमच्या घरचा."

"हां, पण गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"मग मालवणी. बोला ना तसं." त्याने गठ्ठ्यातून एक छापील यादी फाडून माझ्यापुढे सरकवली. धणे इतके, लवंग इतकी, दगडफूल इतकं. खाली 'शुभेच्छा' असं छापलं होतं. कशाबद्दलच्या, कोण जाणे.

मी डबी काढून उघडली. "मला असा हवाय."

त्याने फोन बंद केला. "ताई, हा तर तयार आहे."

"ह्यात काय काय आहे ते तुम्हाला ओळखता येईल ना?"

"मी काय लॅब खोलून बसलोय काय?" पण त्याला कुतूहल वाटलं असावं. त्याने चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. "धणे जास्त आहेत. बडीशेप नाय. मोहरी आहे. पप्पा, जरा हे बघा."

आत गादीवर बसलेल्या त्याच्या वडिलांनी चिमूट घेतली, डोळे मिटले. "बडीशेप आहे. भाजून घातलीय म्हणून तुला कळली नाही. मोहरी कुठाय?"

"आहे पप्पा."

"चाळीस वर्षं ह्या गादीवर बसलोय मी."

"म्हणूनच तर. नाक गेलंय तुमचं."

माझ्या शेजारी धणे निवडत असलेल्या एका बाईंनी न विचारता डबीत बोट घातलं. "ह्यात तिरफळ आहे," त्या म्हणाल्या.

बाप-लेक पहिल्यांदाच एका सुरात बोलले. "तिरफळ मसाल्यात कोण घालतं?"

"आमच्याकडे घालतात," बाई म्हणाल्या आणि खात्री करायला आणखी एक चिमूट घेतली. "आहे. घालूनच मी मोठी झालेय."

मी डबीकडे पाहिलं. अर्धी झाली होती. माझ्या आईचा मसाला तीन अनोळखी माणसांच्या जिभेवर विरघळला होता आणि मला मिळाली होती तीन उत्तरं. मी झाकण घट्ट लावलं.

शेवटी छापील यादी, बापाचं मत आणि माझा अंदाज यांची मोट बांधून सामान घेतलं. मालकाने विचारलं, "मिरची? बेडगी किती, संकेश्वरी किती?"

"अर्धी अर्धी," मी म्हटलं. कारण दोन नावं ऐकली की अर्धं अर्धं हेच कुणालाही सुचेल.

त्याने बापाकडे पाहिलं. बाप मला म्हणाला, "बेडगी रंगाची, संकेश्वरी झोंबायची. अर्धी अर्धी? बाई, खाणार कोण?"

"मीच."

"मग घ्या," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला कीव ऐकू आली.

गल्लीच्या टोकाला मिरची भाजून देणाऱ्या बायका बसतात. फूटपाथवर शेगड्या, त्यांवर मोठमोठ्या लोखंडी कढया. त्यांच्याकडून भाजून घ्यायचं आणि पलीकडे डंखावर कुटून घ्यायचं. डंख म्हणजे वर-खाली आपटणारी लोखंडी मुसळं, आता विजेवर चालतात. साठीतली एक बाई मोकळी दिसली. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने माझ्याकडे न बघता आधी पिशवीकडेच पाहिलं.

"ही पिशवी वळखते मी," ती म्हणाली. बोली साताऱ्याकडची. "डिलाईल रोडच्या आईंची. तुमी लेक का? पुस्तकांच्या हाफिसात असता ती? आई न्हाई आल्या?"

मी सांगितलं.

तिने कढईखालची शेगडी बारीक केली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कंदी?"

"दिवाळी झाल्यावर."

तिचा पिशवीवरचा हात मागे गेला. "मंग वरीस न्हाई झालं."

"नाही."

"आन् मसाला घालताय?"

"एवढंसंच आहे. कुणाला कळणार नाही."

"मला कळलं की." ती मान हलवत राहिली. "न्हाई ताई. म्या न्हाई भाजायची. माझा मालक गेला तवा त्या वर्साला तुमच्या आईनीच डबाभर मसाला आणून दिला मला. म्हणल्या, सगळ्या गल्लीचं भाज, पर वरीसभर सोताच्या घरचं कांडू नगं. त्यांचंच म्या कसं मोडू?"

म्हणजे इथेही आईच आडवी आली. काकूंचा नियम मी मोडायला निघाले होते, पण तो काकूंचा नव्हताच. आईचाच होता, तिने भर बाजारात उभं राहून पाळायला लावलेला. मला रडू यायला हवं होतं. प्रत्यक्षात मी चिडले. म्हटलं, "बरं, भाजू नका. निदान प्रमाण सांगा. इतकी वर्षं तुम्ही तिचा मसाला भाजलात. धणे किती असायचे, मिरची कुठली किती?"

"परमान?" ती हसली. "कसलं परमान? दर वर्साला येगळं. मिरची बगून. लांबलेल्या पावसाची मिरची फिक्की, त्या साली बेडगी वाढवायच्या. गेल्या साली संकेश्वरी लई जहाल आलती, तवा धणे वाढिवले. तुमच्या आई आदी चार दुकानं हिंडायच्या. मिरची मोडायच्या, वास घ्यायच्या, कानाशी हलवून बी वाजतंय का बगायच्या. मंग सांगायच्या, आवंदा इतकं न् इतकं."

मी डबी हातात धरून उभी राहिले. त्या डबीत होता तो फक्त गेल्या सालचा मसाला. गेल्या सालच्या पावसाचा, गेल्या सालच्या मिरचीचा. त्याची हुबेहूब नक्कल केली असती तरी यंदा ती चुकलीच असती. आणि यंदाची मिरची बाजारात यायच्या आधीच आई गेली होती. मग रुग्णालयात ती मला काय लिहून घ्यायला सांगत होती? मिरची कशी मोडायची ते? कुठल्या चार दुकानांत हिंडायचं ते? की तिलाही शेवटी वाटलं होतं की ह्या पोरीला आकडे दिल्याशिवाय काही जमायचं नाही, तेव्हा देऊन टाकावेत? मला कळायला मार्ग नाही आणि त्या दुपारी मी स्वतःहून तो बंद केला.

बाईने माझ्या पिशवीतली एक मिरची काढून मोडली. मोडली कसली, वाकली. "ही वली हाय. कुणी दिली? दोन उन्हं दाखवा हिला. त्याबगर भाजू नगा, काळी पडंल."

दोन उन्हं दाखवणार कुठे? आमच्या गच्चीला टाक्या बसवल्यापासून कुलूप आहे. राहिली गॅलरी, आणि गॅलरीत मिरची पसरायची म्हणजे काकूंच्या दारासमोर पसरायची. त्या रात्री दार लावून मी एकटीच देठ खुडत बसले. बोटं भगभगायला लागली, एकदा चुकून डोळ्याला हात लागला आणि तोंडावर पाणी मारत मी मोरीत उभी राहिले. ऊन नको, असं मी ठरवलं. मंद आचेवर जास्त वेळ भाजलं की झालं. आत ओल राहिली असेल तर ती कढईत निघेल. मला हा विचार फार तर्कशुद्ध वाटला होता.

काकू दुपारी दोन ते चार झोपतात. रविवारी सव्वादोनला मी दार लावलं, खिडकी लावली, गॅस पेटवला. पहिला घाणा कढईत टाकला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मिरच्या नुसत्या मऊ पडून घाम आल्यासारख्या दिसत होत्या. मी आच वाढवली. आणि मग एकदम धूर झाला, निळसर, घशात काटे घालणारा. मी खोकत खिडकी उघडली. धूर खिडकीतून गॅलरीत गेला आणि गॅलरीतून सगळ्या मजल्यावर. एकेक दार उघडल्याचे, खोकल्याचे आवाज यायला लागले. कुणीतरी विचारलं, "कोणी भाजता गो मिरची?" समोरच्या टोकाचं एक बाळ रडायला लागलं.

दार उघडण्यावाचून इलाज नव्हता. बाहेर काकू उभ्या होत्या, नाकाला पदर, केस झोपेतून उठल्यासारखे विस्कटलेले.

"तू?"

"हो."

"वर्साच्या आत?"

"हो, काकू."

त्यांनी माझ्या खांद्यावरून ओट्याकडे पाहिलं. तिथे त्यांची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. "माझो मसालो आवडाक नाय तुका?"

मला खोकला आला म्हणून बरं. मग मी म्हटलं, "त्यात बडीशेप जास्त असते."

"तुझी आवस तर म्हणायची, बरो असता."

"आई खोटं बोलायची."

काकूंचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाटलं आता त्या निघून जातील आणि पुन्हा येणार नाहीत. पण त्यांचं लक्ष माझ्यामागे गेलं होतं. "ती जळता बघ! गॅस कमी कर आधी!"

मी धावले. काकू उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. "मी हात लावचंय नाय," त्या म्हणाल्या. "हंयसूनच सांगतंय. पळी कित्याक घेतलंस? उलाथनां घे. तळासून वर काढ. मिरची सुकवलंस काय?"

"नाही."

"देवा रे." आणि मग तिथूनच, पदरातून, खोकत, तासभर त्या मला सांगत राहिल्या. दुसरा घाणा निम्मा काळवंडला. तिसरा बरा झाला. धणे भाजताना त्या म्हणाल्या, "अजून लाल होंदेत," आणि मी म्हटलं, "आई एवढे लाल करायची नाही." त्या म्हणाल्या, "तुका काय म्हाईत? तू खंय होतंस?" मी उलाथनं चालवत राहिले.

सगळं झाल्यावर त्यांनी परातीकडे बोट दाखवलं. "पयलो घाणो टाकून दी. कडू होतलो सगळो मसालो."

मी टाकला नाही. त्या गेल्यावर तो तसाच बाकीच्यात मिसळला. आधीच डबी अर्धी गेली होती, नियम मोडला होता, सगळ्या मजल्याला खोकवलं होतं. आता कचऱ्याच्या डब्यातही काही टाकणं माझ्याने झालं नाही. हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. काकूंनी टाक म्हटलं म्हणूनही मी ठेवला.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा डंखावर, समोर स्टुलावर बसून मी तो कुटून घेतला. आई सांगायची, उठायचं नाही, नाहीतर दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळतो. मी तासभर उठले नाही. बाहेर आला तो मसाला लाल नव्हता, विटेसारखाही नव्हता. भिजलेल्या मातीच्या रंगाचा होता. डबा मांडीवर गरम लागत होता.

घरी येऊन मी बरणी भरली. काकू संध्याकाळी आल्या, या वेळी उंबरा ओलांडून आत. विचारलं नाही, बरणीचं झाकण काढून तळहातावर चिमूट घेतली आणि जिभेने टिपली.

"कडू झालो," त्या म्हणाल्या.

"हो."

"आवशीसारखो नाय."

"नाही."

"माझ्यासारखोय नाय," त्या म्हणाल्या आणि आपली बाटली उचलून घेऊन गेल्या.

मसाला अडीच किलो झाला आहे. एकटीला तो वर्षाहूनही जास्त पुरेल आणि पुढची मिरची फाल्गुनाशिवाय येणार नाही. तोवर हाच खायचा. काल बांगड्याच्या कालवणात कोकमाची सोलं जास्त घालून पाहिली, कडवटपणा थोडा मागे पडतो. खोबरं वाढवलं तर तो उलट वर येतो. पुढच्या रविवारी गूळ घालून बघणार आहे, जरी आमच्याकडे माशाच्या कालवणात गूळ कुणी घालत नाही.